पन्नास हजार कोटींची नोट

मोठ्या संख्या आणि टक्केवारी शिकवायला घेतल्या, की आम्ही वर्गात एक नोट फिरवतो. नाण्या-नोटांच्या एका प्रदर्शनात ती आम्हांला अगदी थोडक्या पैशांत मिळाली. नोट खरी आहे. तिच्यावर एका गृहस्थांचे चित्र आहे आणि ५ या अंकापुढे अकरा शून्ये आहेत. मुले बोट ठेवून शून्ये मोजू लागतात. एकं, दहं, शतं करत जाताना कोणीतरी मध्येच चुकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. अखेर उत्तर येते : पन्नास हजार कोटी!

ही नोट युगोस्लाव्हियाच्या मध्यवर्ती बँकेने डिसेंबर १९९३ मध्ये काढली. त्या वेळी जुना युगोस्लाव्हिया फुटला होता आणि सर्बिया व माँटेनेग्रो एवढेच भाग त्या नावाखाली उरले होते. चित्रातले गृहस्थ म्हणजे योव्हान योव्हानोविच झ्माय (१८३३–१९०४). व्यवसायाने ते डॉक्टर, पण सर्बियातील घराघरांत ओळखले जातात ते मुलांचे कवी म्हणून.

नोट वर्गभर फिरून आली की एक प्रश्न हमखास येतो. "सरकारने अशी एकेक नोट सगळ्यांना वाटून टाकली, तर देशात कोणी गरीबच राहणार नाही, हो ना?" आपण शिक्षक बहुधा "तसं करून चालत नाही" एवढे सांगून पुढचे गणित घेतो. पण प्रश्न चांगला आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे. ते उत्तर या नोटेच्याच इतिहासात आहे.

ओळखीचे नाव

सर्बियाच्या चलनाचे नाव 'दिनार'. हा शब्द आपल्याला परका नाही. गुप्तकाळातील लेखांत 'दीनार' हे सोन्याच्या नाण्याचे नाव म्हणून येते. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर गुप्त संवत् ९३ चा, म्हणजे इ. स. ४१२-१३ च्या सुमाराचा एक लेख आहे. त्यात पंचवीस दीनार दान दिल्याची नोंद आहे.

मूळ शब्द लॅटिन, 'देनारिउस'. रोमन लोकांच्या या चांदीच्या नाण्याची किंमत आरंभी 'आस' नावाच्या दहा नाण्यांइतकी होती. म्हणून ते 'दहाचे' नाणे. लॅटिनमधील 'देकेम' आणि संस्कृतमधील 'दश' हे एकाच कुळातले शब्द. व्यापाराबरोबर नाणे फिरले आणि नाण्याबरोबर शब्दही फिरला. तो पूर्वेकडे भारतात आला, अरबांकडे गेला आणि बाल्कन प्रदेशातही रुजला. कुवेत, इराक, जॉर्डन, ट्युनिशिया या देशांच्या चलनांचे नाव आजही दिनारच आहे.

सर्बियात दिनारचा सर्वांत जुना उल्लेख १२१४ सालचा मानला जातो. मध्ययुगात तेथील खाणींतून चांदी निघे आणि राजे तिचे दिनार पाडत. १४५९ मध्ये स्मेदेरेवोचा किल्ला तुर्कांच्या हाती गेला, सर्बियन राज्य संपले आणि दिनारही गेला. पुढची चार शतके व्यवहारात तुर्की आणि इतर परदेशी नाणी होती. त्यांतलेच एक लहान नाणे म्हणजे 'पारा'. हा शब्द फारसी, अर्थ 'तुकडा'.

एकोणिसाव्या शतकात सर्बिया पुन्हा स्वतःच्या पायांवर उभा राहू लागला. १८६८ मध्ये राजपुत्र मिहाइलो यांच्या नावाने तांब्याची पारा-नाणी निघाली. १८७३ च्या कायद्याने दिनार परत आला आणि १०० पारा म्हणजे १ दिनार असे ठरले. तुर्की अमदानीतले नाणे असे नव्या राष्ट्राच्या दिनारचा शंभरावा भाग होऊन बसले. सर्बियन भाषेत आजही 'पारे' म्हणजे पैसे. पाराचे नाणे व्यवहारातून केव्हाच गेले, पण पैशाला 'पारे' म्हणणे राहिले. आपल्याकडे दुसरे काय झाले? पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी २०११ मध्ये चलनातून रद्द झाली, तरी आपण "पैसे किती झाले?" असेच विचारतो.

चांदीपासून वचनापर्यंत

१८७५ मध्ये निघालेला एक दिनार पाच ग्रॅम वजनाचा होता आणि त्यात हजारी ८३५ भाग चांदी होती. फ्रान्सच्या फ्रँकचे मापही तेच. म्हणजे दिनार हे एका अर्थी वजनाचेच नाव होते. ज्याला राजावर भरवसा नसेल त्याने नाणे तराजूत घालावे!

१८८४ मध्ये राष्ट्रीय बँक स्थापन झाली आणि शंभर दिनारची पहिली नोट निघाली. ती नोट सोन्यात बदलून मिळण्याची हमी होती. आता कागदाच्या मागे धातू होता, पण तो तिजोरीत होता, डोळ्यांसमोर नव्हता. पुढे जगभर झाले तेच येथेही झाले. दोन महायुद्धांच्या काळात आणि त्यानंतर सोन्याची हमी गळून पडली आणि उरले ते वचन. आपल्या नोटेवरही रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरच्या सहीने धारकाला तेवढे रुपये देण्याचे वचन छापलेले असते. ते रुपये कशाचे, हे मात्र नोटेवर कोठे लिहिलेले नसते.

मग कागदाला किंमत येते कोठून? उद्याही या नोटेला बाजारात साधारण एवढेच धान्य मिळेल, असे सर्वांना वाटते. म्हणून आज तिला ते मिळते. आणि नोटा छापणारा हात आवरता घेईल अशी लोकांना खात्री असते, म्हणून तसे वाटते.

शून्ये उडवण्याची युक्ती

पहिल्या महायुद्धानंतर सर्बियाचा दिनार युगोस्लाव्हियाचा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे समाजवादी राजवट आली आणि किमती हळूहळू चढत राहिल्या. १९६६ मध्ये जुन्या शंभर दिनारचा एक नवा दिनार करण्यात आला. १९८० च्या दशकात भाव फारच भडकले आणि १९८९ मध्ये वीस लाख दिनारची नोट काढावी लागली. तेव्हा १ जानेवारी १९९० रोजी पुन्हा चार शून्ये उडवली : दहा हजार जुने म्हणजे एक नवा.

शून्ये उडवली म्हणजे नेमके काय केले? फळ्याची लांबी ३०० सेंटिमीटर आहे. तीच आपण ३ मीटर लिहिली. फळा लहान झाला का? नाही, फक्त एकक बदलले. चलनातही तसेच आहे. पगारातली चार शून्ये गेली, तशी भाकरीच्या किमतीतलीही चार गेली. हिशेब लिहिणे सोपे झाले, पण भाव ज्या कारणाने वाढत होते ते कारण जागच्या जागीच राहिले. ताप मोजायला नवा तापमापक आणला म्हणून ताप उतरत नाही.

लाउडस्पीकरची शिट्टी

१९९१ पासून युगोस्लाव्हिया फुटू लागला. स्लोव्हेनिया, क्रोएशिया, मॅसिडोनिया, बोस्निया वेगळे झाले, युद्ध पेटले. उरलेल्या भागातल्या कारखान्यांचा कच्चा माल आणि बाजारपेठ दोन्ही तुटली. ३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने आर्थिक निर्बंध घातले. माल कमी झाला आणि कर गोळा होईना. पण सैन्याचा, कार्यालयांचा, निवृत्तिवेतनाचा खर्च तर होताच. सरकारने सोपा मार्ग धरला : मध्यवर्ती बँकेकडून नोटा घ्यायच्या आणि खर्च भागवायचा.

त्याचा परिणाम समजावा म्हणून आम्ही वर्गात एक लिलाव केला. टेबलावर दहा पेन्सिली ठेवल्या आणि प्रत्येक मुलाला चिंचोके दिले दहा-दहा. बोली लागली. पेन्सिल सात-आठ चिंचोक्यांना गेली. दुसऱ्या दिवशी पेन्सिली दहाच ठेवल्या, पण चिंचोके दिले शंभर-शंभर. मुले आधी खूश झाली. बोली सुरू झाल्यावर मात्र पेन्सिल ऐंशीच्या पुढे गेली. चिंचोके दहापट झाले, तरी पेन्सिल मिळालेली मुले पहिल्या दिवसाइतकीच होती. सुरुवातीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मुलांना येथेच मिळते.

उरलेले अर्धे उत्तर असे. शाळेच्या संमेलनात माइक लाउडस्पीकरजवळ गेला की कर्कश शिट्टी सुरू होते. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. परिणामच कारण बनून कारणाला बळ देतो. बेलग्रेडमध्ये तेच झाले. नोटा वाढल्या, म्हणून भाव वाढले. व्यापाऱ्याने आज भरलेला कर सरकारच्या हाती महिन्याने पडेपर्यंत त्याची किंमत उरली नाही, म्हणून तूट आणखी वाढली आणि आणखी नोटा छापल्या. लोकांनाही कळले, की नोट हातात ठेवणे म्हणजे बर्फ हातात ठेवणे. मिळेल ती नोट ते तत्काळ खर्चू लागले. नोटा हातोहात पळू लागल्याने भाव आणखी चढले. शिट्टी वाढतच गेली.

दर चौतीस तासांनी दुप्पट

भाव महिन्याला पन्नास टक्क्यांहून अधिक वाढू लागले की अर्थशास्त्रज्ञ त्याला अतितीव्र चलनवाढ म्हणतात. पन्नास टक्के हा आकडा वरवर फार वाटत नाही. पण १.५ ला १.५ ने असे बारा वेळा गुणून पाहा. वर्षात भाव सुमारे १३० पट होतात.

युगोस्लाव्हियात जानेवारी १९९४ मध्ये महिन्याची वाढ ३१ कोटी ३० लाख टक्के झाली, असा अंदाज आहे. येथे मुले हमखास एक चूक करतात. शंभर टक्के वाढ म्हणजे दुप्पट. म्हणून टक्क्यांना आधी शंभराने भागायचे आणि मग एक मिळवायचा. तसे केले की उत्तर येते सुमारे ३१ लाख पट. महिन्याच्या एक तारखेला एक दिनारला मिळणारी वस्तू महिनाअखेर एकतीस लाखांना!

हा वेग डोळ्यांपुढे आणायचा तर दुप्पट होण्याचा काळ काढावा. बुद्धिबळाच्या पटावर दर घरात दुप्पट दाणे मागणाऱ्या हुशार माणसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. २ ला २ ने गुणत जा. २ चा २१ वा घात २०,९७,१५२ आणि २२ वा घात ४१,९४,३०४. आपले ३१ लाख या दोहोंच्या मध्ये बसतात. म्हणजे महिन्याभरात किंमत एकवीस-बावीस वेळा दुप्पट झाली. तीस दिवसांना साडेएकवीसने भागा. उत्तर येते १.४ दिवस, म्हणजे सुमारे चौतीस तास.

आता समजा, एका शिक्षिकेने पगार घेतला आणि आठवडाभर तसाच पर्समध्ये ठेवला. आठवड्याचे तास १६८. तेवढ्यात भाव जवळजवळ पाच वेळा दुप्पट झाले. पैसे तेवढेच राहिले, पण त्यांत येणारा माल बत्तिसाव्या हिश्श्यावर आला. एकही नोट चोरीला गेली नाही आणि पगार मात्र गेला.

जगातल्या नोंदींत याहून भयंकर उदाहरणे दोनच सापडतात : १९४६ मधील हंगेरी आणि २००८ मधील झिंबाब्वे. पाठ्यपुस्तकांत नेहमी येणारे १९२३ च्या जर्मनीचे उदाहरण वेगाच्या बाबतीत यांच्यापुढे फिके आहे.

माणसांनी काय केले?

आकड्यांमागे माणसे असतात. पगार हाती पडला की लोक थेट बाजार गाठत आणि मिळेल ते विकत घेत. साखर, तेल, साबण, काहीही चाले, नोट नको. सरकारने किमतींवर मर्यादा घातल्या, तेव्हा दुकानांतला माल नाहीसा झाला, कारण त्या किमतीला विकणे म्हणजे फुकट वाटणे होते. ब्रेड आणि दूध यांच्या रांगा लागल्या. पेट्रोल रस्त्याकडेला डब्यांतून आणि बाटल्यांतून विकले जाई. ज्यांची खेड्यात शेती होती, नातेवाईक होते, त्यांचे निभावले. शहरातल्या एकट्या वृद्धांचे हाल झाले.

शहाणपणाचे जुने नियम उलटे झाले. बिल वेळेवर भरणारा माणूस मूर्ख ठरला. दोन आठवडे उशिरा भरणाऱ्याला ते जवळजवळ माफ होई. ज्यांच्याकडे चेकबुक होते ते चेकने खरेदी करत, कारण चेक वटेपर्यंत रक्कम नगण्य होऊन जाई. यात नुकसान दुकानदाराचे. म्हणजे एकाने स्वतःला वाचवायचे ते दुसऱ्याला बुडवूनच.

खरा व्यवहार जर्मन मार्कात होऊ लागला. शहरांच्या कोपऱ्यांवर चलनाचे दलाल उभे असत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल इतपत पुटपुटत : "देविझे, देविझे". म्हणजे परकीय चलन. शिक्षक, डॉक्टर, प्राध्यापक यांचे महिन्याचे उत्पन्न मोजक्या मार्कांवर आले. अनेक कुटुंबांनी वर्षानुवर्षे परदेशी चलनात जमवलेली बचत बँकांत गोठवली गेली होती. ती परत करण्यासाठी पुढे सर्बियाच्या सरकारने रोखे काढले. ते फेडून व्हायला २०१६ साल उजाडले.

सरकारकडे शून्ये उडवण्याची युक्ती होतीच. जुलै १९९२ मध्ये एक शून्य उडाले, ऑक्टोबर १९९३ मध्ये सहा, १ जानेवारी १९९४ ला नऊ. झ्मायसाहेबांची पन्नास हजार कोटींची नोट त्या दिवशी हिशेबाने पाचशे दिनारची झाली. त्यानंतर २४ जानेवारीला 'नवा दिनार' आला, तेव्हा सुमारे एक कोटी तीस लाख दिनारचा एक नवा दिनार धरला गेला. म्हणजे अशा पाचशेच्या सव्वीस हजार नोटा द्याव्यात, तेव्हा एक नवा दिनार!

रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी एक गंमत. १९९२ पासूनचे हे चारही बदल एकत्र गुणले, तर एका नव्या दिनारचे १९९० मधले जुने दिनार होतात १३ वर २२ शून्ये. ॲव्होगॅड्रो संख्येच्या पाचव्या हिश्श्याहून ही संख्या थोडी मोठी आहे. चहाचा एक चमचा जेमतेम भरेल एवढ्या, म्हणजे सुमारे चार ग्रॅम पाण्यात जितके रेणू असतात, तितके दिनार. दैनंदिन बाजारव्यवहाराला मोलची संख्या वापरावी लागावी, असे प्रसंग इतिहासात फार थोडे.

शिट्टी कशी थांबली?

शिट्टी बंद करायची तर माइक आणि स्पीकर यांची साखळी तोडावी लागते. हे काम द्रागोस्लाव अव्ह्रामोविच (१९१९–२००१) यांच्याकडे आले. त्यांनी जागतिक बँकेत बरीच वर्षे काम केले होते आणि तेव्हा त्यांचे वय पंच्याहत्तरीला आले होते. लोक त्यांना 'देदा अव्ह्राम', म्हणजे अव्ह्राम आजोबा म्हणत.

त्यांची योजना सांगायला सोपी होती. २४ जानेवारी १९९४ पासून एक नवा दिनार म्हणजे एक जर्मन मार्क. बँकेकडे जेवढे परकीय चलन आणि सोने असेल त्याला धरूनच नवे दिनार निघतील. तूट भरण्यासाठी छपाई होणार नाही. दिनार आणा आणि मार्क न्या. लोकांनी काही दिवस पारखून पाहिले. मार्क खरोखरच मिळतो असे दिसल्यावर तो घेण्याची घाई उरली नाही. महिन्याला लाखो पटींनी वाढणारे भाव फेब्रुवारीत जवळजवळ स्थिर झाले.

म्हणजे शून्ये उडवणे हा उपाय नव्हता. ती आधीही तीनदा उडवून झाली होती. या वेळी वेगळे होते ते छापणाऱ्या हाताला घातलेले बंधन. आणि बंधन सैल झाले तेव्हा काय झाले, हेही पुढे दिसले. युद्ध आणि निर्बंध चालूच होते, खर्च कमी होत नव्हते. नोव्हेंबर १९९५ मध्ये एका मार्कला ३.३ दिनार, १९९८ मध्ये ६ आणि २००० साल संपताना ३० दिनार असा दर झाला. माँटेनेग्रोने तर १९९९ मध्ये जर्मन मार्क स्वीकारला आणि पुढे दिनार सोडून दिला. आता तेथे युरो चालतो. २००३ पासून दिनार पुन्हा फक्त सर्बियाचा झाला.

आजचा दिनार

आज बेलग्रेडमध्ये ब्रेड, भाजी, कॉफी यांचे पैसे दिनारमध्येच द्यायचे असतात. एक, दोन, पाच, दहा, वीस दिनारची नाणी आहेत आणि दहापासून पाच हजारांपर्यंत नोटा आहेत. नोटांवरचा मजकूर सिरिलिक आणि लॅटिन या दोन्ही लिप्यांत असतो, कारण सर्बियन भाषा दोन्हींत लिहिली जाते. २०१८ पासून एका युरोला ११७-११८ दिनारच्या आसपास दर टिकून आहे. तीस वर्षांपूर्वी जो देश दर चौतीस तासांनी दर बदलताना पाहत होता, त्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे.

पण आठवण पुसली गेलेली नाही. घराचे भाडे, सदनिकेची किंमत, जुन्या मोटारीचा भाव लोक युरोत सांगतात आणि त्या दिवशीच्या दराने दिनार मोजतात. बँकेतली घरगुती बचत बहुतांशी युरोत असते. चलन बदलून देणारी 'मेन्याच्नित्सा' नावाची छोटी दुकाने बाजारपेठेत जागोजागी दिसतात. रोजचे काम दिनारवर आणि उद्याची काळजी युरोवर, असा हा संसार आहे. दर स्थिर होऊन वर्षे झाली तरी विश्वास त्याच वेगाने परत येत नाही.

विज्ञानाच्या शिक्षकांनी या नोटा अवश्य पाहाव्यात. शंभर दिनारच्या नोटेवर निकोला टेस्ला (१८५६–१९४३) आहेत आणि शेजारी त्यांच्या नावाच्या एककाचे सूत्र छापले आहे : एक टेस्ला म्हणजे दर चौरस मीटरला एक वेबर. पाचशेच्या नोटेवर भूगोलतज्ज्ञ योव्हान स्विईच (१८६५–१९२७) आहेत. चुनखडकाच्या प्रदेशात पाण्याने होणाऱ्या भूरूपांचा, म्हणजे 'कार्स्ट'चा पद्धतशीर अभ्यास त्यांनी केला. दोन हजारांच्या नोटेवर आहेत मिलुतिन मिलान्कोविच (१८७९–१९५८). पृथ्वीच्या कक्षेचा आकार, आसाचा कल आणि आसाचे डोलणे यांत हजारो वर्षांत होणारे बदल आणि हिमयुगे यांचा संबंध त्यांनी कागद-पेन्सिलीच्या आकडेमोडीने मांडला. समुद्रतळाच्या गाळाच्या अभ्यासातून १९७६ मध्ये त्याला भक्कम पुरावा मिळाला.

टेस्लांचा प्रवास तर एकट्या दिनारची गोष्ट सांगतो. १९९३ मध्ये ते पन्नास लाखांच्या नोटेवर होते, त्याच वर्षी एक हजार कोटींच्या नोटेवर गेले, १९९४ मध्ये पाच नव्या दिनारच्या नोटेवर आले आणि आता शंभराच्या नोटेवर आहेत. चेहरा तोच, आकडे वाटेल तसे बदलले. मात्र १९६० मध्ये ठरलेले 'टेस्ला' हे चुंबकीय क्षेत्राचे एकक या काळात तसूभरही हलले नाही. वर्गातला मीटर दर चौतीस तासांनी निम्मा होऊ लागला, तर कापड कसे मोजायचे, जमीन कशी विकायची, पूल कसा बांधायचा? चलन हेही मोजण्याचे एकक आहे. मीटरची व्याख्या निसर्गातल्या अचल राशीवर बेतली आहे. चलनामागे तशी राशी नसते. ते स्थिर राहते माणसांनी पाळलेल्या बंधनावर.

वर्गात करून पाहा

१. चिंचोक्यांचा लिलाव करा. तिसऱ्या दिवशी पेन्सिली वाढवा आणि चिंचोके तेवढेच ठेवा. बोलीचे काय होते ते मुलांना लिहून काढू द्या.

२. एखादी किंमत दर दिवशी दुप्पट होते असे धरून तीस दिवसांचा आलेख काढायला सांगा. साध्या आलेखकागदावर तो का मावत नाही, यावर चर्चा करा.

३. मुलांनी आजी-आजोबांना त्यांच्या लहानपणीचे गुळाचे, तांदळाचे भाव आणि तेव्हाची मजुरी विचारावी. नुसते भाव पाहू नयेत. एका दिवसाच्या मजुरीत किती तांदूळ येत होते आणि आता किती येतात, ते काढावे.

आमच्या वर्गात लिलावानंतर तीच नोट आम्ही पुन्हा फिरवली. ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "म्हणजे नोटा वाढवून उपयोग नाही, पेन्सिली वाढवायला हव्यात."